बेलाखालची जागा

१५ ऑगस्ट २००६

झेंडावंदन झालं, मुलांना जिलबी वाटली आणि लगेच त्याच मांडवात ग्रामसभा बसली. मी सहसा जात नाही. आज महानंदा, माझी सून, मागेच लागली. "आत्याबाई, चला. तुमच्या बेलाचा विषय निघणार हाय म्हणत्यात."

सरपंच सुंदरराव उभे राहिले. फाट्याजवळ रस्त्याला लागून जी पडीक जागा आहे, तिथे गाळे काढायचे. खाली मोबाइलचं दुकान, खताचं दुकान, वर बँक. "जमाना बदललाय. परळीला जाऊन बघा, थर्मलच्या राखेच्या ढिगाऱ्यापुढं सुदिक दुकानं झाल्यात. आन् आपली रोडटच जागा, नुसती गवत खायलीय!" लोक हसले, टाळ्या पडल्या.

ती पडीक जागा म्हणजे आमची रुद्रभूमी. आम्ही लिंगायत लोक जाळत नाही. माणसाला न्हाऊ घालतात, विभूती लावतात, तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात आणि बसवून मातीत देतात. आमच्या गावात वर काही बांधायची चाल नाही. फार तर एक दगड, तोही पाच-सहा पावसाळ्यांत खाली रुतून जातो. ज्याला ठाऊक नाही त्याला तिथे गवत दिसतं आणि एक बेलाचं झाड.

त्या बेलाखाली हे बसले आहेत. त्यांच्या डाव्या हाताची जागा माझी. लग्नात जशी बसले होते, तशी. त्यांनीच एकदा काठीनं रेघ मारून दाखवली होती आणि वर म्हणाले होते, "घाई करू नकोस, मी राखून ठेवतो."

ठराव आज झाला नाही. नकाशा तयार झाला की २६ जानेवारीच्या सभेत घेणार आहेत. मी बोलायला उठले होते. पाय उठले, आवाज उठला नाही.

१७ ऑगस्ट

केदारभावजी येऊन गेले. ह्यांचे धाकटे भाऊ, गावात खताचं दुकान आहे, आणि आमच्या समाजाचे अध्यक्ष. मी रडले तर त्यांचेही डोळे भरले.

"वहिनी, सरकारदरबारी ती जागा गायरान हाय. आपल्याकडं कागदच न्हाई तर भांडायचं कशावर? दादाला आपण मळ्यात नेऊ. चांगला पांढरा संगमरवर लावू. लाइट सोडू."

किती जीव आहे त्यांचा भावावर. पण ह्यांना लाइटमध्ये झोप येत नसे, हे मी भावजींना कसं सांगू?

मी विचारलं, "कागद नाही, असं कोणी पाहिलं?"

"बघायचं काय त्यात? समद्या गावाला ठाव हाय."

रेडिओवर मध्यंतरी ऐकलं होतं की आता कोणीही साधा माणूस सरकारी दप्तरातला कागद मागू शकतो. साध्या कागदावर अर्ज, वर दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट, आणि महिन्याभरात उत्तर द्यावंच लागतं. भावजी हसले. म्हणाले, "ते कायदे पुण्या-मुंबईच्या लोकास्नी."

मी आठवीत असताना सिस्टर अगाथांनी माझं पत्रलेखन सबंध वर्गापुढे वाचून दाखवलं होतं. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीला एक अर्ज लिहिता येणार नाही?

२१ ऑगस्ट

लिहिला. चार पानं झाली. आमची चाल कशी, हे कोण होते, गावाच्या शाळेसाठी त्यांनी किती केलं, बेल कोणी लावला असेल, आणि शेवटी हात जोडून न्याय मागितला आहे. अक्षर अजून सरळ येतं. वाचताना महानंदाचे डोळे पाणावले.

पाकीट घेऊन निघणार तोच भावजी आले. "ह्या वयात येष्टीचे धक्के खाता व्हय? मी परवा तालुक्याला चाललोच हाय. द्या हिकडं."

देवानं असा दीर प्रत्येकीला द्यावा.

१० सप्टेंबर

भावजींनी नवीन जीप घेतली. पहिल्यांदा मलाच बसवलं आणि परळीला वैजनाथाच्या दर्शनाला नेलं. बरोबर सुंदरराव होते. दोघं पुढे बसून वाटभर बोलत होते. गाळ्यांत कॉर्नरचा कोणता, खताच्या दुकानाला कॉर्नर कसा बरा पडतो, माल उतरवायला दोन बाजू मिळतात. जीपच्या आवाजात सगळं ऐकू आलं नाही. सरपंचाशी गोडीगुलाबीनं बोलून भावजी त्यांचं मन वळवत असावेत. ते हुशार आहेत, घाईनं विषय काढणार नाहीत.

२८ सप्टेंबर

महिना उलटून गेला तरी उत्तर नाही. मी आणि महानंदा आज सकाळच्या गाडीनं तालुक्याला गेलो.

आवक-जावकच्या टेबलावर सुग्रीव नावाचा तरणा कारकून होता. त्यानं रजिस्टर पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "मावशी, ह्या नावाचा अर्जच आलेला न्हाई."

"असं कसं? माझ्या दिरांनी स्वतः आणून दिला."

"मग पोच दावा की. शिक्का मारलेली दुसरी प्रत."

पोच भावजींनी आणली नव्हती. सुग्रीव म्हणाला, "पोच घेतल्याबिगर अर्ज देणं म्हंजे नदीत चिठ्ठी सोडल्यागत हाय."

मला इतका संताप आला! एवढं मोठं कार्यालय, आणि माणसाचा कागद हरवतात. मी तिथल्या तिथे बाकावर बसून चारही पानं पुन्हा लिहिली. महानंदानं तिकीट आणलं, शिक्का मारलेली पोच घेतली, आणि पदराच्या टोकात बांधली, जणू सोनंच.

परतीच्या गाडीत ती पदराची गाठ चाचपत होती. मग म्हणाली, "आत्याबाई, हितून पुढं समदे कागद आपुनच न्यायचे. काकांच्या हातात द्यायचे न्हाईत."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "त्यांच्यामागे किती व्याप."

३ नोव्हेंबर

उत्तर आलं. एका वाक्याचं. 'लिंगायत स्मशानभूमी या नावाची नोंद कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही.' खाली आणखी एक ओळ, की न्याय देणे या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.

भावजींनी पत्र दोनदा वाचलं. "झालं वहिनी. आता सरकारनंच लिहून दिलं. मनाला लावून घेऊ नका. पुढच्या म्हयन्यात मुहूर्त बघू, दादाला हलवू." पत्राची झेरॉक्स काढायला म्हणून ते घेऊन गेले. बिचाऱ्यांनी लगेच सरपंचांनाही नेऊन दाखवलं, म्हणे.

मी आज जेवले नाही.

५ नोव्हेंबर

पहाटे एकदम सिस्टर अगाथा आठवल्या. शाळेच्या वाचनालयाच्या खिडकीत त्या बसत. मी नववीत त्यांना म्हणाले होते, "सिस्टर, ते पुस्तक द्या ना, त्यात एक अनाथ मुलगी असते आणि फार थंडी असते." सिस्टर म्हणाल्या, "माझ्या कपाटात मुली नाहीत, थंडीही नाही. माझ्या कपाटात नंबर आहेत. नंबर सांग."

त्या वेळी मला फार कोरडं वाटलं होतं. पांढऱ्या बुटांवर टिपं गळली होती माझी. पण यादीतला नंबर शोधून सांगितल्यावर त्यांनी पुस्तक दिलं, आणि वर आपला रुमालही दिला.

मी तालुक्याला काय मागितलं? थंडी आणि अनाथ मुलगी! चार पानं दुःख मागितलं. त्यांच्या कपाटात दुःख नाही, आणि 'आमची रुद्रभूमी' हेही नाही. आम्ही तिला काय म्हणतो हे त्यांना कसं ठाऊक असणार? जमीन त्यांच्याकडे नंबरानं राहते.

उठून चहा केला, आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

७ नोव्हेंबर

तलाठ्याकडून त्या जागेचा आजचा गट नंबर घेतला, आणि निजामाच्या वेळचा जुना सर्व्हे नंबरही. त्याच्याकडे जुन्या-नव्याचा तक्ता असतो. विचारलं की लगेच सांगितला. इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.

नवीन अर्ज तीन ओळींचा. अमुक सर्व्हे नंबर, आजचा गट अमुक. या नंबराच्या निजामकाळापासून आजपर्यंतच्या सर्व नोंदींच्या प्रमाणित नकला द्याव्यात. त्याआधी मूळ दप्तर मला स्वतः पाहू द्यावं.

सुग्रीवनं वाचून मान हलवली. "आता बोललात, मावशी. कशासाठी पायजे तेवढं लिवा."

"कारण विचारायचं नाही, असं कायद्यातच आहे. रेडिओवर सांगितलंय."

तो हसला, "घ्या! रेडिओ ऐकून आमच्याच नोकऱ्या खाणार तुमी," आणि धाडकन शिक्का मारला.

महानंदा म्हणाली, "तीन ओळीत भागलं की वो आत्याबाई. आन् पयल्यांदा चार पानं!"

१२ डिसेंबर

मुदत संपली, उत्तर नाही. पूर्वीची मी असते तर वाट पाहत बसले असते. आज वरच्या साहेबांच्या नावे अपील लिहिलं, तेही तीनच ओळींचं, आणि सुग्रीवच्याच टेबलावर ठेवलं. माहिती अधिकारी मोहनराव नावाचे गृहस्थ आहेत, चष्मा कपाळावर. त्यांनी ते उचलून पाहिलं आणि एकदम खुर्ची दिली.

"अपिलात कशाला जाता, बाई? दप्तर काढायला माणूस न्हवता, म्हणून उशीर झाला. पुढच्या आठवड्यात या, बघा."

"मग तसं लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं! बाहेर आल्यावर महानंदानं माझा हात असा दाबला की तिची बांगडी रुतली.

२१ डिसेंबर

हा दिवस सविस्तर लिहिते. माझ्यामागून संगमेश्वरनं वाचावा. मुलगा, महानंदाचा नवरा, नोकरीला पुण्यात असतो आणि फोनवर म्हणतो, "आई, कशाला या भानगडीत पडतेस?"

रेकॉर्ड रूम म्हणजे लांब, गार खोली. छतापर्यंत लाल कापडात बांधलेली गाठोडी. वर चढून सुग्रीवनं आमच्या गावाचं गाठोडं काढलं, झटकलं, आणि आम्ही तिघंही शिंकलो. नव्या नोंदी आधी पाहिल्या. त्यांत त्या नंबरापुढे 'गायरान'. त्याच्या आधीच्या नोंदींतही 'गायरान'. मोहनराव म्हणाले, "बघा बाई. म्हणून तर आमी तसं कळवलं."

"त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीचं उर्दूत हाय. ते कोण वाचणार? आमच्यात कुणालाच येत न्हाई."

मी म्हटलं, "काढा तर."

पान पिवळं, पण शाई अजून काळी. सन १३४५ फसली, म्हणजे इंग्रजी १९३५च्या सुमाराचं. महसुली उर्दू म्हणजे घाईची, तुटक लिपी. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, कुठेही टाकलेले, निम्मी अक्षरं गिळलेली. पहिल्यांदा मला काहीही दिसलं नाही. पन्नास वर्षांत उर्दूचं एक अक्षर वाचलं नव्हतं मी.

कॉन्व्हेंटात उर्दूला करीमसाहेब होते. शेरवानीला अत्तराचा वास, हातात वेताची छडी. ती त्यांनी कधी उगारली नाही, तिनं ते फक्त अक्षरं दाखवत. ते म्हणत, "बेटी, शब्द वाचू नका. आधी नुक्ते मोजा, शब्द आपणहून येईल." मी बोट ठेवलं आणि नुक्ते मोजू लागले. पहिला शब्द फुटला तो 'नंबर'. मग 'काश्त नहीं', म्हणजे पीक नाही. मग शेवटच्या रकान्यातला, शेऱ्याचा मजकूर. महानंदा माझ्या खांद्यावरून वाकली होती. तिला काहीच येत नाही, पण माझ्याबरोबर तिचेही ओठ हलत होते.

मी मोठ्यानं वाचलं: "इस नंबर में क़ौम लिंगायत अपने मुर्दे बिठाकर दफ़न करती है। काश्त नहीं। बेल के तीन दरख़्त, साया अच्छा।"

या नंबरात लिंगायत लोक आपली माणसं बसवून पुरतात. पीक नाही. बेलाची तीन झाडं, सावली चांगली.

कोण कुठला तो गिरदावर, निजामाचा जमिनी तपासणारा माणूस. घोड्यावरून आला असेल, उन्हात थांबला असेल. आमच्या धर्माचा नाही, गावाचा नाही. पण त्यानं कोणाला तरी विचारलं, की इथे शेत का नाही? आणि जे सांगितलं ते तसंच लिहिलं. बसवून पुरतात, हेही लिहिलं. आणि निघताना, कोणी मागितलं नव्हतं तरी, सावलीचंही लिहिलं.

मोहनरावांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "बाई, तुमी कुठं शिकलात?"

मी सांगितलं. आज मला शाळेचं नाव सांगताना जेवढा अभिमान वाटला, तेवढा तिथे बक्षीस घेतानाही वाटला नव्हता.

९ जानेवारी २००७

प्रमाणित नकला हातात आल्या. गोल शिक्का, सही, तारीख. मी एकच मागणार होते. महानंदा म्हणाली, "तीन घ्या, आत्याबाई. काय सांगावं." तिला जरा जास्तच काळजी असते.

१४ जानेवारी

संक्रांत. भावजी तिळगूळ घ्यायला आले. त्यांना नक्कल दाखवली. ते खूप वेळ बघत राहिले. उर्दू त्यांना येत नाही, तरी नजर हटेना. मी वाचून दाखवलं तर घाम आला त्यांना, थंडीत. भावाची आठवण, दुसरं काय.

"हे लई महत्त्वाचं हाय, वहिनी. माझ्याकडं द्या. समाजाच्या फायलीला लावतो. सभेत मीच मांडतो."

मी आनंदानं दिली. अध्यक्षांनीच मांडलेलं शोभून दिसेल. महानंदा आत चहा करत होती. तिनं कपबशी इतक्या जोरात ठेवली की फुटली.

२५ जानेवारी

भावजींचा निरोप आला. नक्कल घरात कुठेतरी गहाळ झाली, फार वाईट वाटतं. कामाचा माणूस, कुठे कुठे लक्ष देणार! मी उलट निरोप धाडला की काळजी करू नका, आपल्याकडे आणखी दोन आहेत. निरोप घेऊन जाताना महानंदा पहिल्यांदाच एवढी उत्साहात दिसली. म्हणाली, "मीच सांगते. तोंडावर सांगते."

२६ जानेवारी

झेंडावंदन. मग सभा. सुंदररावांनी नकाशा लावला, रंगीत. ठराव वाचला. "कुणाची हरकत?"

भावजींनी मांडावं म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची मान खाली. मग मीच उठले. आज पायांच्या आधी आवाज उठला.

सर्व्हे नंबर सांगितला. फसली सन सांगितला. ओळ वाचली. आधी उर्दूतून, मग मराठीतून.

सुंदरराव म्हणाले, "काकू, तुमी काय बी वाचाल. आमास्नी काय कळतंय त्यातलं?"

मागून खाजाभाई टेलर उठले. गळ्यात टेप तशीच. "लाना इधर, भाबी." कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असं वाचलं. शब्द न् शब्द तोच. 'साया अच्छा' वाचून ते थांबले, म्हणाले, "लिखनेवाला दिलवाला था."

एक म्हातारा ओरडला, "आरं, तीन बेल व्हते! माझ्या बापानं दोन वठलेले पायले होते!" मग जो तो बोलू लागला. कोणाचा आजा, कोणाची आई. ज्यांच्या दगडांचा पत्ता नाही, त्यांची नावं मांडवात फिरू लागली.

सुंदररावांनी नकाशा गुंडाळला. गडी तसा खुल्या मनाचा आहे. म्हणाले, "सरकारी शिक्का हाय म्हणल्यावर विषय संपला. गाळे बाजारतळावर घेऊ. हितं कुंपण घालू. ल्ह्या ठरावात, रुद्रभूमी." मग भावजींकडे वळले. "पण केदारनाथ, तुमीच की वो म्हणलाव, समाजाची काय हरकत न्हाई, कागद तर न्हाईच न्हाई म्हणून? आन् कॉर्नर..."

भावजींना तिथे बसवेना. उपरण्यानं तोंड पुसत ते मांडवातून निघून गेले. मी ओळखलं. लहानपणापासून असंच, फार गहिवरून आलं की ते माणसांत थांबत नाहीत.

बायकांनी मला हळदीकुंकू लावायचं नाही म्हणून गूळ भरवला. महानंदानं सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला. मी तिला म्हटलं, "अगं, तीन नकलांची अक्कल तुझी."

३० जानेवारी

संध्याकाळी बेलाखाली जाऊन बसले. कुंपणाचे दगड येऊन पडले आहेत. ह्यांना सगळं सांगितलं. सिस्टर, नुक्ते, खाजाभाई, सगळं. ती ओळ उर्दूतून म्हणून दाखवली. ह्यांना माझं उर्दू आवडायचं.

भावजी सभेपासून दिसले नाहीत. परळीला मेहुण्याकडे गेलेत म्हणतात. त्यांच्या हातून नक्कल हरवली याची रुखरुख त्यांना लागली असणार. म्हणून तिसरी नक्कल मी काचेत बसवून घेतली आहे. ते आले की त्यांच्या खताच्या दुकानात, गल्ल्याच्या वर लावायची. येता-जाता भावाची आठवण राहील. महानंदाला सांगितलं तर ती इतकी हसली की ठसका लागला. "लावाच, आत्याबाई," म्हणाली. "खिळा मी ठोकते."

डाव्या हाताला थोडा वेळ बसून पाहिलं. जमीन सपाट आहे, मुंग्या नाहीत. गिरदावरसाहेबांनी लिहिलं ते खरं आहे. सावली चांगली आहे.